खरप्याची वाटी

उभ्या जन्मात मासा चाखला नाही असा माणूस माशांच्या हाडांच्या मागं लागलाय, हे ऐकून आमच्या आत्याबाई एवढ्या हसल्या की तोंडातली मिश्री समोरच्या भाजीवाल्याच्या मुळ्यांवर उडाली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. भिंगारच्या बाजारात त्या पाटी घेऊन बसायच्या आणि मी शेजारी विळीवर. गिऱ्हाईक मासा पसंत करायचं, आत्याबाई भाव सांगायच्या, मी साफ करून द्यायची. आम्ही भोई. माझं माहेर मिरजगावच्या पलीकडं सीनेच्या काठी, सासर भिंगारला. आमचे हे लष्कराच्या गोदामात कामाला होते, त्यामुळं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. पण आत्याबाईंनी पाटी काही सोडली नाही. घरात बसून अंग आखडतं म्हणायच्या.

बहात्तर सालचा उन्हाळा होता. एक तरणे गृहस्थ, अंगात पांढरा बुशशर्ट, नाकाला रुमाल, आमच्यापासून चार हात लांब उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, यातल्या प्रत्येक जातीचा एकेक द्या."

"कापून देऊ का?"

"नको नको. आख्खा."

"मग घरी कोन कापनार? बायकू?"

"लग्न व्हायचंय अजून."

"आई?"

"आई उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. मासा बघितलेलाच नाही आमच्याकडं कुणी."

"आवं मास्तर, मग खानार कोन?" ते मास्तर आहेत हे आत्याबाईंनी खिशातल्या दोन पेनांवरून ओळखलं होतं.

"खायचे नाहीत. मला फक्त हाडं हवीत."

तेव्हा ती मिश्री उडाली. भाजीवाला ओरडला, ते सोडा. मला मात्र त्या माणसाची दया आली, कारण आम्ही हसलो तरी ते चिडले नाहीत. रुमालाच्या आडून तेही हसले आणि म्हणाले, "हसा, पण मला कुणीतरी मासा उकळून त्याची सगळी हाडं सुटी करून देणारं माणूस सांगा. एकही हाड हरवता कामा नये."

मी विळीवरून म्हटलं, "मी देईन की."

असं माझं त्यांच्या कॉलेजात जाणं सुरू झालं. शिकायला नव्हे हो. मी चौथी पास. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. भूशास्त्राच्या खोलीमागं एक अंधारी कोठी होती, तिथं सरांनी मला एक वातीचा स्टो, दोन पातेली, सुया, चिमटा आणि दात घासायचा ब्रश दिला. आठवड्यातून तीन दुपारी मी तिथं मासे उकळायची.

आता सरांना ही हाडं कशाला हवी होती, ते सांगते. सर दगडांचे मास्तर. आदल्या वर्षी जामखेडकडं पाझर तलावाचं काम निघालं होतं. तिथं खोदताना जुन्या नदीच्या गाळाचा, चुना मिसळून घट्ट झालेला थर लागला. तो पापडासारखा उकलायचा. एका बाईनं पहार घातली आणि पापुद्रा उघडला, तर आत मासा. डोकं, कणा, शेपटी, सगळं जागच्या जागी, तपकिरी रंगाचं. जणू कुणी चहाच्या पाण्यानं काढलंय. कामावरच्या बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. सरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते सायकल एसटीच्या टपावर टाकून गेले, आणि लाद्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. सगळ्या मिळून अकरा. त्यातल्या एकीवरचं कुंकू काढायला मला ब्रशानं दोन दिवस लागले.

सर म्हणायचे, "बाई, हा मासा हजारो वर्षांपूर्वी मेलाय. हा कोण, एवढंच मला सांगायचंय."

एवढंच म्हणाले, पण त्यामागं टांगती तलवार होती. त्यांच्या विभागाच्या प्रमुखांना हे खूळ मुळीच पसंत नव्हतं. दगडांच्या माणसानं दगड बघावेत, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं होतं, की डिसेंबरात पुण्याहून माशांचे एक मोठे जाणकार येणार आहेत. तोपर्यंत तुम्हाला या माशाचं नाव पुराव्यासकट सांगता आलं तर लाद्या आपल्या कॉलेजात राहतील. नाही आलं, तर पेट्यांसकट त्यांच्या हवाली करायच्या, आणि हा विषय बंद. प्राणिशास्त्राच्या लोकांना विचारावं, तर लाद्या आपल्याकडं आल्या नाहीत म्हणून ते फुगून बसलेले. सर एकटे पडले होते. म्हणून ते बाजारात आले होते नाकाला रुमाल लावून.

कामाची रीत अशी होती. मी मासा साफ करून पातेल्यात टाकायची, मांस सुटेस्तोवर शिजवायची, मग गार पाण्यात एकेक हाड ब्रशानं धुवून काळ्या पुठ्ठ्यावर मांडायची. डोक्याची हाडं डोक्याकडं, मणके ओळीत, काटे दोन्ही बाजूंना. मग डिंकानं चिकटवायचे. वाचायला सोपं वाटतं. माशाच्या डोक्यात हाडं किती असतात, ते ज्यानं मोजलीत त्यालाच माहीत. कालवणात डोकं चोखताना आपल्याला वाटतं, चारदोन तुकडे आहेत.

सरांचं मात्र बघण्यासारखं असायचं. मी ओला मासा पिशवीतून काढला की ते खिडकीकडं तोंड करून उभे राहायचे. नाकाशी कापराची वडी. "झालं का बाई?" "नाही सर, अजून." "आता झालं का?" पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज आला की मग वळायचे. हाडं धुवून पांढरी झाली की ह्याच माणसाला तहानभूक सुचायची नाही. मणके सुईच्या टोकानं मोजत बसायचे. आत्याबाई एकदा डबा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मास्तर, नवरीचं त्वांड बघायचं न्हाई आन् दागिनं तेवढं मोजायचं, अशी तुमची तऱ्हा." सरांचे कान लाल झाले.

पण शिकवायचे फार मायेनं. मायक्रोस्कोपात डोळा कसा लावायचा, एक डोळा न मिटता कसं बघायचं, ते मला त्यांनीच दाखवलं. मीही त्यांना शिकवलं. मरळ कशी ओळखायची, वाम कशी, शिंगटा कसा. शिंगट्याला खवलं नसतात, हे ऐकून ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे आपला दगडातला शिंगटा नव्हे! त्याला खवलं आहेत!"

"नव्हेच की सर. हे तर बाजारातलं कुणीही सांगेल."

"मग बाजारात मी आधी का आलो नाही?"

खवलांचं त्यांनी मला बजावलं होतं, प्रत्येक माशाची थोडी काडेपेटीत घालून ठेवा म्हणून. एका दुपारी आम्ही ती सगळी काचेवर ठेवून पाहिली. मरळीचं खवलं मोठं, कडेनं गुळगुळीत. कोळसा म्हणून मासा असतो, त्याचंही गुळगुळीत, आणि त्याच्या अंगावर गळ्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ असते ना, त्या रेघेतल्या खवलांना बारीक भोक. मग सरांनी दगडातून सुईनं उचललेली खवलं ठेवली. मागच्या कडेला दात. एकाशेजारी एक, अगदी फणीसारखे. भोक कशालाच नाही.

मी काडेपेट्या चाळल्या आणि एक उघडली. "हे ठेवा सर."

सर वाकले. मग हळूच म्हणाले, "फणी आहे. हुबेहूब. हे कुणाचं?"

"खरप्याचं."

खरपा तुम्ही पाहिला असेल. नदीच्या तळाशी वाळूवर पडून असतो, वाळूच्याच रंगाचा. डोकं चपटं, डोळे वर, खालचा जबडा पुढं आलेला, रागावलेल्या म्हाताऱ्यासारखा. खायला मात्र फार गोड. मग आम्ही खरप्याचा पुठ्ठा काढला आणि लादीशेजारी ठेवून मोजत बसलो. पाठीवर दोन पंख, एकमेकांपासून सुटे. पहिल्यात सहा काटे. लादीतही सहा. मणके सत्तावीस. लादीतही सत्तावीस. सरांनी तीनदा मोजले, मी दोनदा. मला वाटलं, झालं काम. आता पेढे.

पेढे आलेच, पण दुसऱ्याच कारणानं. चार दिवसांनी सर उड्या मारत आले. "बाई, हा खरपा नाही! खरप्याचा भाऊबंद आहे, पण नवा! आजवर कुणी न पाहिलेला!" माझ्या हातावर पेढा ठेवला आणि वर्गाकडं पळाले. कसा नवा, ते मी विचारलं नाही. मला आपला आनंद झाला. म्हटलं, लाद्या राहिल्या.

इकडं पाऊस त्या वर्षी आलाच नाही. दिवाळीपर्यंत नद्या उघड्या पडल्या. आत्याबाईंच्या पाटीत ताजा मासा दिसेना, कोकणातला सुका बोंबील आणि सुकट तेवढी. कॉलेजातलं उकळायचं कामही थांबलं, मी पुठ्ठे पुसायची, चिठ्ठ्या लावायची.

पुण्याचे पाहुणे यायला पाच दिवस राहिले होते. सरांनी भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. डाव्या बाजूला दगडातला मासा, उजव्या बाजूला आमच्या पुठ्ठ्यावरचा खरपा. सुरेख काढला होता. मी झाडता झाडता बघत उभी राहिले. डावीकडच्या माशाच्या गळ्याखाली तांबड्या शाईनं एक पंखा रंगवला होता, नाजूक काड्यांचा, आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, 'हा जोडपंख आजच्या खरप्याला नाही.'

माझ्या हातातला झाडू तसाच राहिला.

खरप्याला तो असतो. असतो म्हणजे काय, त्याशिवाय खरपा खरपाच नव्हे. गळ्याखालचे दोन पंख एकत्र जुळून त्याची वाटी होते आणि त्या वाटीनं तो दगडाला चिकटतो, वाहत्या पाण्यातसुद्धा. पण त्या वाटीत वाळू भरून राहते. कालवणात एक जरी गेली तरी घासाघासाला कचकच. म्हणून आमच्यात खरपा हातात आला की पहिल्यांदा काय करायचं, तर वाटी चिमटीत धरायची आणि मुळासकट उपटायची. पातेल्यात पडायच्याही आधी. आई करायची, आजी करायची, मी पाच वर्षांची असल्यापासून करते. ते करतोय हेसुद्धा कळत नाही.

सरांना मी दिलेल्या प्रत्येक खरप्याची वाटी मी उपटलेली होती. आणि सर खिडकीकडं तोंड करून उभे होते.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. खरं सांगते, धीर झाला नाही. घरी आले, भाकरी थापताना आत्याबाईंना सांगितलं. त्यांना आधी हसू आलं, मग नाही आलं. "आन् त्यो पुन्याचा मानूस माशातला जानकार हाय म्हनतेस?"

"हो."

"मंग त्यो बघताक्षनी म्हनंल, मास्तर, ह्यो खरपाच हाय, तुमी आंधळं हाव का. दगडं बी न्हेईल आन् अब्रू बी."

आमचे हे जेवता जेवता म्हणाले, "पाच दिवस आहेत अजून. उद्या सकाळी जाऊन सांग. पाहुण्यांसमोर कळण्यापेक्षा बरं."

सकाळी गेले. सर टेबलाशी काहीतरी लिहीत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, वाटी, वाळू, चिमूट, सगळं. सांगताना माझा हात आपोआप ती चिमूट करून दाखवत होता. सरांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"प्रत्येकाची काढलीत?"

"प्रत्येकाची, सर. हात जातो. चूक झाली. कामावरून काढलंत तरी माझं काही म्हणणं नाही."

बाहेर शिपायानं तास दिला. मग सर म्हणाले, "तुम्ही माझ्यासमोरच साफ करत होतात, बाई. दोन हातांवर. मी एकदा जरी वळून पाहिलं असतं!" आणि उठून तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले. तांबड्या पंख्यावर बोट ठेवलं. "म्हणजे हा नवा नाही. पण मग हा खरपाच. सहा काटे, सत्तावीस मणके, फणी, भोक नाही, आणि आता वाटी. सगळं जुळलं की हो!" आवाजात दुःख होतं आणि आनंदही होता, दोन्ही एकदमच. "पण मला दाखवावं लागेल. नुसतं सांगून ते ऐकणार नाहीत. वाटीसकट एक खरपा हवा."

"सर, बाजारात मासा नाही."

"नदीत?"

"नदीच नाही."

मग मला माझ्या भावाच्या शेतालगतचा डोह आठवला. सीनेला पाणी नसलं तरी त्या डोहात गुडघाभर तरी राहायचं. दुसऱ्या दिवशी लोणच्याची काचेची मोठी बरणी पदराखाली घेऊन मी मिरजगावची एसटी पकडली.

भाऊ माझ्याकडं नि बरणीकडं बघत राहिला. "आक्का, दुस्काळात लोक मानसं न्ह्यायला येत्यात, तू खरपा न्ह्यायला आली व्हय?"

"एकच पाहिजे. जिता."

"जिता? आन् मास्तर त्येला सांबाळनार?"

"तू आधी उतर पाण्यात."

डोह म्हणजे आता म्हशीनं बसावं एवढं डबकं होतं. भाऊ लुंगी खोचून उतरला आणि दगडांच्या खाली हात घालून चाचपू लागला. खरपा जाळ्यापेक्षा हातानंच मिळतो, दगडाला चिकटून असतो ना. जरा वेळानं त्याचा चेहरा उजळला, हात वर आला, मुठीत चांगला वीतभर खरपा. "घे!" म्हणाला आणि मी 'अरे थांब' म्हणायच्या आत, कट! वाटी त्याच्या चिमटीत.

"मुडद्या!" मी ओरडले. "काय केलंस हे!"

"काय क्येलं? साफ क्येला!"

मी त्याला तिथंच चिखलात उभं करून सगळं सांगितलं. तो कपाळावर ओला हात मारून हसायला लागला. दुसरा खरपा मिळायला पुरा तास गेला. या खेपेला त्यानं दोन्ही अंगठे तळव्यांच्या बाहेर ताठ उभे धरले होते, जणू त्यांच्यावर त्याचा भरवसाच उरला नव्हता, आणि अंड्यासारखा आणून तो मासा बरणीत सोडला. खरपा एक गिरकी घेऊन काचेला चिकटला. पोटाची बाजू आमच्याकडं. वाटी अशी स्वच्छ दिसत होती, गोल, पांढुरकी, काड्या मोजून घ्याव्या अशी.

भाऊ वाकून बघत राहिला. "आक्का, हज्जार येळा उपटली आसंल. नीट बघितली आजच."

परतीच्या एसटीत मी बरणी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर आला, बरणीकडं बघितलं, चिमटा वाजवला. "बाई, ह्येचं काढायचं का हाफ?"

"काढा की. पण त्याला खिडकीची जागा द्यावी लागंल."

सगळी गाडी हसली. दोनचार माना वळल्या. पण पुढं ऊन चढलं, बरणीतलं पाणी कोमट झालं आणि खरपा काचेवरून सुटून वर येऊन तोंड वासू लागला. पाणी बदलायला हवं होतं. आणि त्या दिवसांत, त्या गाडीत, माशासाठी पाणी कुणाजवळ मागायचं? माझी जीभच उचलेना. लोक दोन कळशांसाठी कोस कोस चालत होते. शेजारी डोक्याला मुंडासं बांधलेले एक आजोबा होते, ते मघापासून बघत होते.

"कशापायी न्हेतीस पोरी ह्येला?"

"कॉलेजात. दगडात एक मासा सापडलाय फार जुना. तो हाच का, ते दाखवायचंय."

"दगडात? ह्योच?"

"हाच, आजोबा. तवापासून हाच आहे आपल्या नदीत."

त्यांनी मान हलवली. मग पायाशी ठेवलेला तांब्या उचलला, फडकं सोडलं. "वत."

"नको आजोबा, तुमचं प्यायचं आहे."

"वत म्हंतो ना. येवढी वर्सं टिकलाय त्यो, माझ्यासमूर नगं मराय."

अर्धा तांब्या मी बरणीत ओतला. उरलेला त्यांनी परत बांधून ठेवला. नगरपर्यंत खरपा काचेला चिकटून आला.

पाहुणे आले त्या दिवशी मी नवं लुगडं नेसले होते, का ते देव जाणे, मला कोण बोलावणार होतं? पण सरांनी सांगितलं, कोठीतच थांबा. पाहुणे किडकिडीत, पांढऱ्या केसांचे, गळ्यात काळ्या दोरीला भिंग. बरोबर प्रमुख. सरांनी रात्रीतून दुसरा तक्ता काढला होता. त्यावर 'नवा' हा शब्द कुठंच नव्हता.

सरांनी एकेक सांगायला सुरुवात केली. काटे. मणके. फणीची खवलं. रेघेचा अभाव. पाहुणे भिंगातून लादी बघत होते, पुठ्ठा बघत होते, परत लादी. मग भिंग पुठ्ठ्यावर थांबलं.

"सांगाडा फार छान काढलाय. पण या खरप्याची वाटी कुठं आहे?"

मी दारातूनच बोलले, मला राहवलं नाही. "ती मी उपटली, साहेब. आमच्यात वाळूसाठी उपटतात. सरांची काही चूक नाही त्यात."

"अर्धी माझी," सर म्हणाले. "मी बघत नव्हतो. त्या वाटीवरून मी हा नवा मासा ठरवला होता, अगदी चार दिवसांपूर्वीपर्यंत. बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. त्याच जाऊन हा घेऊन आल्या." आणि त्यांनी बरणीवरचं फडकं काढलं.

खरपा काचेला चिकटलेला. पाहुण्यांनी बरणीवरून लादीकडं आणि लादीवरून बरणीकडं भिंग नेलं. प्रमुख घसा साफ करून म्हणाले, "म्हणजे साधाच मासा आहे तर. नवीन असं काही नाही. मग मला वाटतं, लाद्या आपण..."

"थांबा जरा," पाहुणे म्हणाले. त्यांनी स्टूल ओढलं, चष्मा काढला आणि डोळे पुसू लागले. मला आधी कळेना, हा माणूस हसतोय की काय करतोय. हसतच होते. "आमच्या संग्रहात खरप्याचे सात सांगाडे आहेत. घाटाखालच्या कोळणीनं करून दिलेले. त्यातल्या तिघांना वाटी नाही, आणि गेली कित्येक वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगतोय की नाजूक हाड आहे, गळून पडलं असेल!"

सर हसले. मग मी. प्रमुखांना हसावं की नाही ते ठरेना.

हसणं ओसरल्यावर पाहुणे उठले, प्रमुखांना म्हणाले, "नाव सांगायचं ठरलं होतं ना? यांनी सांगितलंय, आणि चूक कशी झाली तेही सांगितलंय. याहून जास्त पुरावा मी मागणार नाही. लाद्या इथंच राहू द्या. ज्या नदीतल्या आहेत ती नदी इथं आहे, मासा इथं आहे, आणि हाडं काढणारं माणूसही." प्रमुखांनी मान डोलावली. करतात काय?

मग पाहुणे माझ्याकडं वळले. "बाई, आता याचा सांगाडा करायचा असेल ना? मला तुमची रीत बघायची आहे. माझी संध्याकाळची गाडी आहे, तोवर होईल?"

"वेळ लागतो साहेब. घाईत हाड हरवतं."

"मग गाडी उद्याची घेऊ."

मी स्टो पेटवला. पाहुणे एका बाजूला स्टुलावर बसले. मी बरणीत हात घालून खरपा काढला आणि वर बघितलं तर सर खिडकीकडं नव्हते. टेबलाच्या पलीकडं समोरासमोर उभे होते, दोन्ही हात टेबलावर घट्ट दाबून, चेहरा पांढराफटक, पण डोळे माझ्या हातांवर. माझा अंगठा सवयीनं खरप्याच्या गळ्याखाली गेलाच.

"बाई!" सर ओरडले.

मी अंगठा काढला. त्या काळ्या पुठ्ठ्यावर वाटीची हाडं मी सगळ्यांत आधी चिकटवली, डोक्याच्याही आधी.